पगार मोठा, लिमिट लहान: विक्रोळीतल्या बहीणभावाचं प्रकरण

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात शेजारशेजारच्या इमारतींत राहणारे हे बहीणभाऊ. ताई 43 वर्षांची, महापालिकेच्या रुग्णालयात कायम नोकरीत असलेली परिचारिका. महिन्याला हातात येतात 62,000 रुपये. भाऊ 39 वर्षांचा, लोअर परळमधल्या एका मालवाहतूक कंपनीच्या विक्री विभागात. त्याचं पॅकेज वर्षाला 13 लाख 20 हजार, म्हणजे त्याच्या हिशोबाने महिन्याला 1 लाख 10 हजार. दोघांची क्रेडिट कार्डं एकाच बँकेची. ताईच्या कार्डाचं लिमिट 3 लाख 10 हजार, भावाच्या कार्डाचं 75 हजार.

हा फरक घरात कोणाला माहीतही नव्हता. जून 2024 मध्ये वडिलांची तातडीने अँजिओप्लास्टी करावी लागली. मुलुंडच्या खाजगी रुग्णालयात मेडिक्लेमची कॅशलेस मंजुरी येईपर्यंत दीड लाख रुपये डिपॉझिट भरायचं होतं. भावाच्या कार्डावर जेमतेम सहा हजार शिल्लक. ताईने तिचं कार्ड पुढे केलं आणि काम झालं. वडील बरे होऊन घरी आले, पण भावाच्या मनातून ती गोष्ट जाईना. त्याने लिमिट वाढवण्याचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. मग पंधरा दिवसांत त्याने आणखी चार बँकांकडे नव्या कार्डासाठी अर्ज केले. चारही ठिकाणी नकार.

बँकेच्या कार्ड विभागात मंजुरीचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतले लोक कागद घेऊन येतात, तसा हाही आला. त्याचा पहिला प्रश्न होता, “काका, पगार माझा जास्त. मग बँकेने ताईवर माझ्या चौपट विश्वास का ठेवावा?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर एका कागदात नव्हतं. या दोघांच्या संमतीनेच हे सगळं लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून नावं आणि संबंधित बँका-कंपन्या वगळल्या आहेत.

पगार: त्याने सांगितलेला आणि बँकेने धरलेला

पहिली गोष्ट म्हणजे 1 लाख 10 हजार हा पगार नव्हताच. ती सीटीसी होती, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणारा एकूण खर्च. तीत कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता आणि विक्रीचं लक्ष्य गाठलं तर मिळणारा इन्सेंटिव्ह, सगळं मोजलेलं. दर महिन्याला बँकेत जमा होत होते 71,000. इन्सेंटिव्ह तीन महिन्यांनी येई. मागच्या वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला 12,000 पडत.

कर्ज देणाऱ्यांना उत्पन्नाचा असा बदलता भाग पूर्ण धरायला आवडत नाही. अर्धा धरायचा, हा या धंद्यातला नेहमीचा ठोकताळा. म्हणजे भावाचं विचारात घेण्याजोगं उत्पन्न झालं 77,000. बदलापूरला त्याने फ्लॅट घेतला आहे, त्याचं सात हजार भाडं येतं, पण रोख. ना भाडेकरार नोंदवलेला, ना आयकर विवरणपत्रात उल्लेख. बँकेच्या दृष्टीने ते उत्पन्न शून्य. ऑफिसातल्या दहा जणांची भिशी तो वर्षानुवर्षं एकही हप्ता न चुकवता भरतो. ती शिस्तही कुठल्याच नोंदीत येत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण आपल्याकडे पैशाची खरी शिस्त कितीतरी घरांत भिशीतच शिकली जाते.

पण खरी गंमत पुढे होती. या बँकेकडे 77,000 चा आकडासुद्धा नव्हता. कार्ड घेतलं 2022 मध्ये, तेव्हा तो जुन्या नोकरीत होता आणि पगार 46,000 होता. बँकेच्या दप्तरी तोच आकडा बसून राहिला. एप्रिल 2023 मध्ये नोकरी बदलली, पगार दुसऱ्या बँकेत जमा होऊ लागला. कार्ड देणाऱ्या बँकेला हे कळायला काही मार्गच नव्हता. लिमिट वाढवण्याचा अर्जही त्याने ॲपमध्ये एक बटण दाबून केला होता, सोबत एकही सॅलरी स्लिप नाही. अर्ज तपासणाऱ्या यंत्रणेपुढे 46,000 पगाराचा माणूस होता.

ताईचं उलट. तिचा पगार त्याच बँकेत 2010 पासून जमा होतो. प्रत्येक वेतनवाढ, प्रत्येक महागाई भत्ता बँकेला आपोआप दिसतो. कागद मागायची गरजच पडली नाही.

आता देण्यांकडे येऊ. भावाने डिसेंबर 2023 मध्ये बदलापूरच्या फ्लॅटसाठी 36 लाखांचं गृहकर्ज घेतलं, पत्नीच्या नावासह. हप्ता 31,200. तो म्हणाला, “कर्ज दोघांचं आहे, म्हणजे माझ्या वाट्याला निम्मं.” तसं होत नाही. संयुक्त कर्जात प्रत्येक कर्जदार पूर्ण रकमेला जबाबदार असतो आणि दोघांच्याही क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जं आणि त्यांच्या फेडीच्या नोंदींत, ते पूर्ण दिसतं. पत्नीच्या शिकवण्यांचं उत्पन्न कागदोपत्री नाही, त्यामुळे हप्त्याचा सगळा भार याच्याच पगारावर धरला जाणार. शिवाय मोबाइल आणि फ्रिजसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता 4,150. कार्डावर त्या महिन्यात 69,000 भरायचे होते. त्याच्या पाच टक्के रक्कम मासिक देणं म्हणून धरायची पद्धत आहे, ते झाले 3,450. एकूण 38,800. म्हणजे 77,000 तले निम्म्याहून थोडे जास्त पैसे आधीच बांधलेले. बँकेत याला एफओआयआर म्हणतात, उत्पन्नाशी ठरलेल्या देण्यांचं प्रमाण. ते पन्नाशीच्या वर गेलं की मंजुरी देणाऱ्याचा हात आखडतो.

ताईवर पतपेढीचं कर्ज आहे, 8,500 रुपये महिना. ते पगारातूनच कापून जातं, म्हणजे 62,000 हा कपातीनंतरचा आकडा. बाकी देणं म्हणजे कार्डावरचे पंधरा-वीस हजार. त्याचे पाच टक्के धरले तर हजाराच्या आत.

मी दोन आकडे कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवले. देणी वजा जाता त्याच्याकडे उरतात 38,200. ताईकडे 61,000 च्या वर. लिमिट देताना बँक पाहते ती ही उरलेली रक्कम. त्या हिशोबात ताई त्याच्यापेक्षा श्रीमंत होती. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसला.

अहवालात निघालेलं

उत्पन्नाचा हा सगळा हिशोब क्रेडिट स्कोअरमध्ये कुठेच नसतो, हे इथे ठासून सांगायला हवं, कारण गैरसमज फार आहे. पगार वाढला म्हणून सिबिल वाढत नाही. अहवालातल्या नोकरीच्या रकान्यात उत्पन्नाचा आकडा कधीकधी असतो, पण 300 ते 900 मधला तो स्कोअर कर्जं आणि कार्डं कशी वापरली, कशी फेडली यावरूनच निघतो. लिमिट ठरवताना बँक दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहते. उत्पन्नावरून कमाल मर्यादा ठरते. त्या मर्यादेतलं किती द्यायचं, हे मागचा इतिहास ठरवतो. नव्या कार्डाला महिन्याच्या हातातल्या पगाराच्या दोन-तीन पट लिमिट मिळणं हे साधारण प्रमाण. भावाला 2022 मध्ये 46,000 वर 75,000 मिळालं, म्हणजे दीड पटीच्या जरासं वर. त्याच वेळी काहीतरी खटकलं होतं, हे उघड होतं.

हे अहवाल आणि स्कोअर तयार करणाऱ्या चार क्रेडिट माहिती कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2017 पासून आहे. भावाने हे कधी ऐकलं नव्हतं. सिबिलचं कार्यालय सेनापती बापट मार्गावर आहे, त्याच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तरी आपला अहवाल कधी पाहिला नव्हता. आपला अहवाल पाहिला की स्कोअर घटतो, असं कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. स्वतःची चौकशी स्कोअरमध्ये धरतच नाहीत. घटतो तो कर्ज मागितल्यावर बँकेने केलेल्या चौकशीने.

चारही अहवाल मागवले. सिबिलचा स्कोअर 671. ताईचा, तिच्या परवानगीने पाहिला, 806.

671 मागचं सर्वांत मोठं कारण 2015 सालचं एक कार्ड होतं, दुसऱ्याच बँकेचं. 2018 नंतर त्याने ते वापरलं नाही, कपाटात पडून होतं. पण बंद केलं नव्हतं. वार्षिक शुल्क लागलं, ते न भरल्याने विलंब शुल्क, त्यावर व्याज. 2021 पर्यंत आकडा 18,400 वर गेला. वसुली एजंटचे फोन सुरू झाले. एजंट म्हणाला, नऊ हजार भरा, विषय संपला. त्याने भरले. विषय संपला, असं तो तीन वर्षं मानत होता.

अहवालात त्या खात्यापुढे लिहिलेलं होतं ‘सेटल्ड’. त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने उरलेले 9,400 सोडून दिले. मंजुरीच्या टेबलावर बसलेल्या माणसासाठी हा एक शब्द पुरेसा असतो. तो पुढे वाचतही नाही. मीही वाचत नसे. शुल्कावर शुल्क चढून झालेली ही थकबाकी होती, वस्तू घेऊन पैसे बुडवलेले नव्हते, हे त्या शब्दात कुठेच दिसत नाही. 2022 च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वर्षभर न वापरलेलं कार्ड बँकेने ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया सुरू करायची असते. हा नियम चार वर्षं आधी असता तर भावाचं एवढं नुकसान झालं नसतं.

दुसरी नोंद एका पे-लेटर ॲपची. दहा हजारांची उधारी, बिल दर महिन्याला खात्यातून कापलं जायचं. लोकांना वाटतं ही ॲपची सोय आहे. कागदावर ते एखाद्या वित्तसंस्थेने दिलेलं कर्ज असतं आणि तसंच नोंदवलं जातं. जानेवारी 2024 मध्ये 1,140 रुपयांचा मँडेट (खात्यातून आपोआप होणारी कपात) बाउन्स झाला, कारण तो जुन्या पगारखात्यावर होता आणि ते खातं रिकामं होतं. फेब्रुवारीत त्याने पैसे भरले. अहवालात मात्र जूनमध्येही 1,140 थकीत आणि खातं चालू. अकराशे चाळीस रुपये! तेही भरलेले. पण ताजी थकबाकी जुन्या थकबाकीपेक्षा जास्त बोचते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण तीत त्याचा काडीचा दोष नव्हता. कार्डावर दर महिन्याला 65 ते 70 हजार खर्च दिसत होता, म्हणजे लिमिटच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. ड्यू डेटच्या आत तो पूर्ण भरायचा, एकदाही चुकला नाही. मग एवढा खर्च कशाचा? ऑफिसच्या दौऱ्यांचा. नाशिक, वापी, अहमदाबादची तिकिटं, हॉटेलं, ग्राहकांसोबतची जेवणं, सगळं स्वतःच्या कार्डावर, आणि कंपनी तीन आठवड्यांनी परत देणार. मुंबईत विक्रीत काम करणारी निम्मी मंडळी हेच करतात, वर रिवॉर्ड पॉइंट मिळतात म्हणून खूशही असतात. पण माहिती कंपनीकडे जातो तो बहुतेक ठिकाणी स्टेटमेंटच्या सुमाराचा आकडा. 75,000 तले 69,000 वापरलेले. हा खर्च कंपनीचा आहे, पैसे परत येणार आहेत, हे सांगणारा रकाना अहवालात नाही. दिसतो तो दर महिन्याला लिमिटच्या काठावर जगणारा माणूस. वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असं सगळे सांगतात. तो काही कायदा नाही, पण नव्वद टक्के कोणत्याही मापाने जास्तच.

आणि शेवटी पाच चौकश्या, सगळ्या जून-जुलै 2024 मधल्या. नकार मिळाल्यावर घाईने टाकलेला प्रत्येक अर्ज पुढच्या नकाराचं कारण बनत गेला.

यात काळाचाही वाटा होता. 16 नोव्हेंबर 2023 ला रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरचं जोखीमभारांकन (शंभर रुपयांच्या कर्जामागे किती रुपयांची जोखीम धरायची, ते प्रमाण) 125 वरून 150 टक्के केलं. बँकेने किमान 9 टक्के भांडवल ठेवायचं धरलं तर कार्डावरच्या शंभर रुपयांमागे पूर्वी सव्वाअकरा रुपये लागत, त्यानंतर साडेतेरा. कार्डावरचं कर्ज बँकेलाच महाग झालं, तेव्हा काठावरचे अर्ज आधी गळणार. भावाचा अर्ज अगदी काठावरचा होता.

ताईची बाजू

हिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि बँकेला तेच हवं असतं. 2011 मध्ये पहिलं कार्ड, लिमिट 25,000. तेच कार्ड आजतागायत. पूर्ण रकमेचं ऑटो-पे पहिल्या दिवसापासून लावलेलं, कारण रात्रपाळीत तारखा लक्षात राहत नाहीत. महिन्याचा किराणा, वीजबिल, मुलाच्या क्लासची फी एवढंच त्यावर. 3 लाख 10 हजारांतले पंधरा-वीस हजार, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास वापर. लिमिट दर तीन-चार वर्षांनी बँकेनेच विचारून वाढवलं. तिने स्वतःहून कधीच मागितलं नाही.

भावाची अडचण कळल्यावर ती म्हणाली, “अरे, माझ्या कार्डावर ॲड-ऑन घे. मी कुठे एवढं वापरते?” ॲड-ऑन म्हणजे तिच्याच खात्यावर त्याच्या नावाचं दुसरं कार्ड. मी दोघांनाही नको म्हटलं. ॲड-ऑन कार्डावरचा प्रत्येक रुपया मुख्य कार्डधारकाच्या डोक्यावर असतो. दौऱ्याचे साठ-सत्तर हजार ताईच्या खात्यावर चढले असते आणि कंपनीने पैसे द्यायला उशीर केला तर चौदा वर्षांत न पडलेला डाग तिच्या अहवालावर पडला असता. भावाच्या इतिहासात मात्र त्याची भर पडेलच याची काही खात्री नाही. नात्यातली माया ठीक, पण उसनवारी घरात वेगळी करता येते, त्यासाठी कार्ड जोडायची गरज नाही.

काय केलं

सर्वांत आधी अर्ज थांबवले. नवं कार्ड, नवं कर्ज, ‘तुम्हाला प्री-अप्रूव्ह्ड’ म्हणणारी लिंक, काहीही नाही. चार नकारांपैकी तीन बँकांनी कारण दिलंच नव्हतं. कार्डाचा अर्ज नाकारताना नेमकं कारण लेखी कळवायचं बंधन रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांत होतं. त्याचा हवाला देऊन पत्रं लिहिली, तेव्हा एका बँकेने स्पष्ट कळवलं: जुन्या खात्याची ‘सेटल्ड’ स्थिती. आमचा अंदाज बरोबर होता.

दरम्यान ‘आठ हजारांत सिबिल साफ करून देतो’ म्हणणारा एक माणूस त्याला भेटला होता. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. तो नाद तिथेच सोडायला लावला.

पे-लेटरची नोंद चुकीची होती, म्हणून ती आधी घेतली. पैसे भरल्याची पावती, बँकेचा उतारा जोडून माहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाकली. तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, हा नियम एप्रिल 2024 पासून लागू झाला होता. कर्ज देणाऱ्या संस्थेने 21 दिवसांत आपली माहिती दुरुस्त करून पाठवायची, नाहीतर भरपाई तिच्या अंगावर. मुदतीच्या आतच थकबाकी शून्य झाली. मग ते पे-लेटर खातं त्याने कायमचं बंद केलं आणि बंद झाल्याचं पत्र घेतलं. नुसतं ॲप काढून टाकलं की खातं बंद होत नाही.

‘सेटल्ड’ची नोंद खोटी नव्हती, म्हणून तिथे तक्रारीचा उपयोग नव्हता. एकच मार्ग होता, सोडून दिलेले पैसे आज भरणं. जुन्या बँकेला लिहिलं की उरलेले 9,400 भरायला तयार आहे, बदल्यात थकबाकी नसल्याचा दाखला द्या आणि खात्याची स्थिती ‘क्लोज्ड’ अशी कळवा. पहिल्या दोन पत्रांना ठरावीक उत्तरं आली. बँकेच्या अंतर्गत तक्रार निवारणाच्या वरच्या पायरीवर गेल्यावर होकार आला. अट आम्ही एकच ठेवली, आधी लेखी मान्यता, मग पैसे. 2021 मध्ये एजंटच्या तोंडी शब्दावर जे झालं ते परत नको होतं. नोव्हेंबरमध्ये पैसे भरले, डिसेंबरमध्ये दाखला हातात आला.

भाऊ यावर चिडला होता. ज्या शुल्काचं मूळच त्याला मान्य नव्हतं, ते आता पूर्ण भरायचं? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण 9,400 रुपयांसाठी पुढची कैक वर्षं प्रत्येक कर्जावर जास्त व्याज मोजायचं की नाही, असा तो हिशोब होता. गृहकर्जाचा दर पाव टक्क्याने खाली आला तरी 36 लाखांवर पहिल्या वर्षातच हे पैसे जवळजवळ सुटतात. हे आकडे मांडल्यावर त्याने चेक लिहिला.

कार्डाच्या वापराचा प्रश्न ऑफिसातच सुटला. त्याने साहेबांना सांगून विमान-रेल्वेची तिकिटं आणि हॉटेलं कंपनीच्या प्रवास विभागाकडून काढायला सुरुवात केली. किरकोळ खर्च तेवढा स्वतःच्या कार्डावर, आणि त्याचेही पैसे परत आले की लगेच कार्डात भरायचे, ड्यू डेटची वाट पाहायची नाही. स्टेटमेंटवरचा आकडा 69,000 वरून 22,000 वर आला, म्हणजे लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत. बिलिंगची तारीख ग्राहकाला बदलून घेता येते, ही सोय रिझर्व्ह बँकेने मार्च 2024 मध्ये अधिक मोकळी केली होती. तीही वापरली, कारण दौऱ्यांचे पैसे ज्या आठवड्यात यायचे त्याच्या आदल्याच आठवड्यात स्टेटमेंट निघत होतं. जानेवारी 2025 पासून बँकांनी माहिती दर पंधरा दिवसांनी पाठवणं सुरू केलं, तेव्हा हा बदल अहवालात लवकर उमटायला लागला.

मोबाइल-फ्रिजचं कर्ज डिसेंबरमध्ये आपोआप संपलं. त्याच्या जागी नवं घेऊ नकोस एवढंच सांगावं लागलं. बदलापूरचा भाडेकरार नोंदवून घेतला आणि भाडं बँकेत घ्यायला लावलं. त्याचा फायदा पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रानंतर दिसेल, या प्रकरणात नाही.

एफडीवर मिळणारं कार्ड घ्यावं का, हाही विषय निघाला. ज्यांचा इतिहासच नाही किंवा पार बिघडला आहे त्यांच्यासाठी ते उत्तम साधन आहे. लिमिट एफडीच्या रकमेच्या थोडं खाली मिळतं, पगार कोणी फारसा विचारत नाही. याला गरज नव्हती. त्याऐवजी मी त्याला एक लाखाची साधी एफडी करायला सांगितलं, वडिलांच्या आजारपणासाठी राखून. रुग्णालयाचं डिपॉझिट कार्डावर भरणं सोयीचं असतं, पण कार्डाचं लिमिट म्हणजे अडीअडचणीसाठी साठवलेला पैसा नाही. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने मिळू शकणारं कर्ज आहे. या बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि भाऊ ते अजून पूर्ण मान्य करत नाही.

मे 2025

लिमिटचा नवा अर्ज मेमध्ये केला. या वेळी बटण दाबून नाही, कागद जोडून: तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, सहा महिन्यांचा पगारखात्याचा उतारा. पगार वाढून हातात 74,000 येत होते, अर्धा इन्सेंटिव्ह धरून 80,000. देणी आता गृहकर्जाचे 31,200 आणि कार्डाचे 1,100. प्रमाण पन्नासच्या वरून चाळीसवर आलं. सिबिलचा स्कोअर 743.

त्याने अडीच लाख मागितले होते. मिळाले 1 लाख 60 हजार.

तो थोडा हिरमुसला. मला मात्र बँकेचा आकडा योग्य वाटला. देणी जाऊनही हातात 47,000 च्या वर उरत होते, म्हणजे उत्पन्न आता आडवं येत नव्हतं. आडवं येत होतं ते वय, खात्यांचं. त्याचं सर्वांत जुनं चालू खातं 2022 चं, गृहकर्ज दीड वर्षाचं. ‘सेटल्ड’ जाऊन ‘क्लोज्ड’ आलं तरी ते खातं थकलं होतं ही खूण लगेच जात नाही. ताईची चौदा वर्षं कुठल्याही पगाराने विकत घेता येत नाहीत. आहे तेच कार्ड तीस टक्क्यांच्या आत वापरत राहायचं, बंद करायचं नाही आणि वर्षभर काही मागायचं नाही, असं आमचं ठरलं.

त्याच महिन्यात ताईला बँकेचा निरोप आला, लिमिट साडेचार लाख करतो, संमती द्या. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवायचं नाही हा नियम असल्याने बँकेला विचारावंच लागतं. ताईने संमती दिली नाही. तिला लागत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

एक काम अजून बाकी आहे. चारपैकी तीन कंपन्यांच्या अहवालांत जुनं कार्ड ‘क्लोज्ड’ दिसतं. चौथीच्या अहवालात ते अजून ‘सेटल्ड’ आहे. थकबाकी नसल्याचा दाखला जोडून केलेल्या तक्रारीला तीस दिवस उलटून गेले. रोजच्या शंभर रुपये भरपाईची मागणी लेखी कळवली आहे. क्रेडिट माहिती कंपन्या सप्टेंबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली येतात, तक्रार ऑनलाइन आणि विनाशुल्क करता येते. त्या अर्जाचा मसुदा भावाने स्वतः लिहिला आहे. मी फक्त तारखा तपासून दिल्या.